माळढोक, माळरान आणि मालकी

जमीन ज्याच्या नावावर आहे, त्याने तिचे काय करावे हे ठरविण्याचा अधिकार सर्वस्वी त्याचाच असतो काय? हा प्रश्न जुना आहे. कूळ आणि मालक, भाऊ आणि बहीण, शेतकरी आणि सावकार यांच्या संबंधांत तो पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला, त्यावरून कज्जे झाले, कायदेही झाले. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न आम्ही एका पक्ष्याच्या निमित्ताने विचारणार आहोत. हा पक्षी कोर्टात जाऊ शकत नाही, मत देऊ शकत नाही आणि तो नाहीसा झाला तर आपल्यापैकी बहुतेकांच्या दिनक्रमात काडीचाही फरक पडणार नाही. तो पक्षी म्हणजे माळढोक.

माळढोक उभा राहिला म्हणजे सुमारे एक मीटर उंच भरतो. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन पंधरा किलोपर्यंत जाते. उडू शकणाऱ्या पक्ष्यांत इतके जड पक्षी जगात थोडेच आहेत. डोक्यावर काळी टोपी, लांब फिकट मान आणि तपकिरी पाठ असा त्याचा थाट असतो. झाडाचा त्याला उपयोग नाही. त्याचे सारे आयुष्य उघड्या जमिनीवर जाते. मादी माळावर नुसत्या भुईवर, बहुधा एकच अंडे घालते आणि ते उबविण्याचे व पिलू सांभाळण्याचे काम एकटीच करते. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे आणि शेतातील हरभरा व भुईमूग हे त्याचे अन्न. कोरडवाहू शेती आणि माळ जिथे एकमेकांना लागून असतात, तिथे हा पक्षी नांदतो. तो घनदाट अरण्यातला नव्हे, शेतकऱ्याच्या बांधावरचा शेजारी आहे.

एके काळी हा शेजारी दख्खनमध्ये विपुल होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या पक्ष्यांची नोंद केली, तीत एका गृहस्थाने हजारभर माळढोक मारल्याचा उल्लेख आहे. १९६९ साली देशभरातील संख्येचा अंदाज सुमारे १,२६० असा करण्यात आला. आज ती दीडशेच्या आत आहे असे मानले जाते आणि त्यांतील बहुतेक पक्षी राजस्थानात जैसलमेरच्या परिसरात आहेत. २०११ साली त्याची गणना अत्यंत संकटग्रस्त जातींत झाली. सोलापूरजवळच्या नान्नज येथे पूर्वी त्याचे थवे दिसत. अलीकडच्या वर्षांत एखादाच पक्षी दिसला तरी बातमी होते. भारताचा राष्ट्रीय पक्षी कोणता असावा याची चर्चा चालू होती, तेव्हा डॉ. सलीम अली यांनी माळढोकाचे नाव सुचविले होते. १९६३ साली मोराची निवड झाली. मोर देवळांत, कवितेत आणि आपल्या अंगणातही पोहोचला होता. माळढोकाला माळाखेरीज दुसरे घर नव्हते.

आता ‘माळ’ या शब्दाकडेच पाहावे. आपल्या बोलण्यात माळ म्हटले की ओसाड, उजाड, वैराण ही विशेषणे आपोआप येतात. ब्रिटिश अमदानीत ज्या जमिनीतून सारा येत नाही ती वाया गेलेली, अशी वर्गवारी रूढ झाली आणि स्वातंत्र्यानंतरही सरकारी दप्तरांतून ती पुसली गेली नाही. पडीक हा शिक्का एकदा बसला की ती जमीन कोणत्याही उपयोगास मोकळी समजली जाते. कारखान्याला, वसाहतीला, कचऱ्याला आणि वृक्षारोपणालाही! वस्तुतः सोलापूर-नगरचा माळ म्हणजे कोणी तोडून टाकलेले जंगल नव्हे. कमी पाऊस, उथळ मुरमाड जमीन आणि हजारो वर्षांची चराई यांतून घडलेली ती एक स्वतंत्र सृष्टी आहे. कुसळी, पवन्या, मारवेल, शेडा अशी तिची गवते आहेत. लांडगा, खोकड, काळवीट, धाविक, माळटिटवी आणि चंडोल हे तिचे रहिवासी आहेत. धनगराची मेंढरे पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर जगली. जे मुळात ओसाड नव्हते, त्याला आपण ओसाड म्हटले आणि मग ते सुधारण्यास निघालो. माळावर गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी यांची रांगेने लागवड झाली तेव्हा लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. परंतु चहूकडे दूरवर नजर पोहोचल्याखेरीज ज्या पक्ष्याला सुरक्षित वाटत नाही, त्याच्या दृष्टीने ती झाडे म्हणजे घरात बांधलेल्या भिंतीच ठरतात. चांगल्या हेतूने केलेले कृत्य चांगलेच असते असे नाही; ज्याच्या जागेत आपण ते करतो, त्याचे जीवन समजून घेण्याची जबाबदारीही हेतूबरोबर येते.

माळढोकाच्या ऱ्हासाला एकच खलनायक शोधू गेल्यास तो सापडत नाही. शिकार होती, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद झाली. परंतु त्यानंतरचा ऱ्हास कोणाच्या दुष्टपणातून झालेला नाही. उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले, कालव्याचे पाणी आले आणि ज्या शेतकऱ्याने अनेक दुष्काळ सोसले त्याने ऊस लावला. विहिरींवर मोटारी बसल्या, ज्वारी-करडईच्या जागी बागा आल्या, माळ नांगरला गेला, रस्ते आणि विजेच्या तारा आल्या. यांतील कोणत्या गोष्टीला आपण पाप म्हणू? बापाने खाल्लेली कोरडी भाकरी मुलाच्या वाट्याला येऊ नये असे वाटणे पाप नव्हे. म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. इथे चांगल्यासमोर वाईट उभे नाही, एका चांगल्यासमोर दुसरे चांगले उभे आहे.

या अवघड प्रश्नाला शासनाने दिलेले उत्तर बोधप्रद आहे. १९७९ साली सोलापूर आणि नगर (आजचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते. नकाशावर ते भव्य दिसे. प्रत्यक्षात त्यातील फार मोठा भाग खाजगी शेतजमिनींचा, गावांचा आणि बाजारपेठांचा होता. अभयारण्य म्हटल्यावर जमिनीच्या व्यवहारांवर, बांधकामांवर, विहिरी-रस्त्यांवर निर्बंध आले. मुलीच्या लग्नासाठी, दवाखान्याच्या खर्चासाठी एकरभर जमीन विकू पाहणाऱ्या माणसाला जेव्हा कळते की एका पक्ष्यामुळे ती विकता येणार नाही, तेव्हा त्याच्या मनात त्या पक्ष्याविषयी काय येत असेल याची कल्पना करणे कठीण नाही. नगर जिल्ह्यात आपल्या अनेक धर्मग्रामांची कुटुंबे कोरडवाहू शेतीवर जगतात. त्यांच्यापैकी कित्येकांना हे सांगावे लागणार नाही. पुढे २०१२ च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. तोवर तीन दशकांची कटुता साचली होती आणि पक्षी तर कमीच होत गेले होते.

मध्य प्रदेशातील करेरा येथील कथा याहून दुःखद आहे. तेथे १९८१ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. आरंभी गावकऱ्यांना आपल्या माळावरच्या या पाहुण्याचा अभिमान होता. नंतर जमिनीवर निर्बंध आले, संरक्षणामुळे वाढलेल्या काळविटांनी पिके खाल्ली आणि अभिमानाचे रूपांतर वैरात झाले. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात तेथून माळढोक नाहीसा झाला. अभयारण्य मात्र त्यानंतरही अनेक वर्षे कागदावर टिकून होते.

या दोन उदाहरणांतून आम्ही एक निष्कर्ष काढतो. दुर्बळ माणसावर अन्याय करून दुर्बळ प्राण्याला न्याय देता येत नाही. हे केवळ नीतीचे वचन नव्हे, व्यवहाराचाही अनुभव आहे. जमिनीवर अंडे घालणाऱ्या पक्ष्याचे रक्षण चौकीदार करू शकत नाही; ते अंडे ज्याच्या नांगराच्या वाटेत येते तोच करू शकतो. त्याची संमती नसेल तर कायद्याचे हात तेथपर्यंत पोहोचत नाहीत.

परंतु एवढ्यावरून कोणी म्हणेल, मग शेतकऱ्याला त्याच्या मर्जीवर सोडावे आणि पक्षी जात असेल तर जाऊ द्यावा. या म्हणण्यात दोन आक्षेप दडलेले आहेत. त्यांचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा की, या पक्ष्याचा उपयोग काय? याला उत्तर म्हणून बहुधा उपयोगांची यादी दिली जाते. माळ राखला तर चारा मिळतो, पावसाचे पाणी मुरते, माती धरून ठेवली जाते, पक्षी कीड खातात. हे सर्व खरे आहे. तथापि हे उपयोग माळाचे आहेत, त्यातील बरेचसे माळढोकावाचूनही मिळतील. शेवटचा माळढोक गेल्यावर ज्वारीचे कणीस लहान होणार नाही. तेव्हा उपयोगाच्या तराजूत हा पक्षी हलकाच ठरणार हे मान्य करावे. आमचे म्हणणे असे की, तो तराजूच इथे अपुरा आहे. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांचा उपयोग काय असे आपण घरात विचारत नाही. विचारणाऱ्याला आपण गप्प करतो. माणूस आणि पक्षी यांची योग्यता सारखी आहे असे आम्हांला यातून सुचवायचे नाही. एवढेच दाखवायचे आहे की, अस्तित्वाची किंमत उपयोगावरून ठरत नाही हे तत्त्व आपण आधीच मानतो, फक्त ते कोठवर न्यावे हे ठरवायचे आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात इतर जीवांना त्यांचे स्वतःचे मूल्य आहे, ते केवळ माणसाच्या कामी यावेत म्हणून नाहीत, असे स्पष्टपणे मांडले आहे. शिवाय एक साधा विवेकही इथे आहे. पीक बुडाले तर पुढच्या वर्षी येते, कर्ज फेडता येते, नांगरलेला माळही पुष्कळ वर्षांनी काही अंशी सावरतो. एखादी जीवजात गेली की ती परत येत नाही. जे परत आणता येत नाही ते नष्ट करण्यापूर्वी, जे परत मिळविता येते त्याचा थोडा त्याग करणे शहाणपणाचे होय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हा त्याग कोणी करावयाचा? शहरात पंख्याखाली बसून ‘माळ राखा’ म्हणणे सोपे असते. त्याची किंमत चार एकर मुरमाड जमिनीच्या धन्याने मोजावयाची आणि समाधान मात्र आपण मिळवावयाचे, हा न्याय नव्हे. या आक्षेपाला आमच्यापाशी उत्तर नाही. आम्ही तो संपूर्ण स्वीकारतो. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. त्याग अन्यायाने वाटला गेला असेल तर तो न्यायाने वाटावा. तो मुळीच करू नये असे त्यातून सिद्ध होत नाही. उसाची साखर आपण सगळे खातो. राजस्थानात उन्हापासून व वाऱ्यापासून तयार होणारी वीज आपल्याच घरांसाठी असते, आणि तिच्या तारांवर आदळून माळढोक मरतात, कारण या जड पक्ष्याचे डोळे बाजूला असतात आणि समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा तारा शक्य तेथे जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला होता. २०२४ साली, हवामानबदलाच्या संकटात स्वच्छ विजेचीही गरज आहे हे लक्षात घेऊन, त्याच न्यायालयाने तो आदेश सौम्य केला आणि तज्ज्ञांची समिती नेमली. इथेही दोन चांगल्या गोष्टींचाच संघर्ष आहे. परंतु तार जमिनीखालून नेण्याचा खर्च देशभरच्या वीजग्राहकांत वाटला जाऊ शकतो. माळ न नांगरण्याचा खर्च मात्र आजवर आपण एकट्या शेतकऱ्याच्या पदरात टाकत आलो.

मालकीच्या कल्पनेचाही इथे विचार करावा लागतो. आपल्या सातबाऱ्यावर मालकाच्या नावाबरोबर ‘इतर अधिकार’ असा एक रकाना असतो. सोसायटीचा बोजा, कुळाचा हक्क, वाटेचा किंवा विहिरीचा हक्क त्यात नोंदला जातो. म्हणजे जमिनीवर मालकाखेरीज इतरांचेही काही असू शकते हे तलाठ्याचे दप्तरही मानते. आपल्या श्रद्धेच्या परंपरेने हा रकाना आणखी रुंद केला आहे. निर्गमाच्या पुस्तकात सातव्या वर्षी शेत पडीक ठेवण्याची आज्ञा आहे. त्या वर्षी जे उगवेल ते गरिबांनी खावे आणि उरेल ते रानातल्या पशूंनी, असा तिचा आशय आहे. गरीब माणूस आणि रानपशू यांची नावे तिथे एकाच आज्ञेत आली आहेत. एकाला दुसऱ्याविरुद्ध उभे केलेले नाही. अनुवादाच्या पुस्तकात तर, वाटेने जाताना झाडावर अथवा जमिनीवर पक्ष्याचे घरटे आढळले तर पिलांबरोबर आईलाही धरू नये, असे सांगितले आहे. घेणाऱ्याला घेण्याची मुभा आहे, पण वंश चालविणारी मादी त्याला सोडावी लागते. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात मालकी आणि वापर यांत जो भेद केला, तोही याच दिशेचा आहे. वस्तू मिळविणे व सांभाळणे हा व्यक्तीचा अधिकार, परंतु ती वापरताना ती केवळ आपलीच आहे असे मानू नये. सातबारा आपल्या नावे असला तरी त्यावरचे ‘इतर अधिकार’ वाचल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही.

हे सर्व तत्त्वाचे झाले. प्रत्यक्षात असे काही जमू शकते काय? जमू शकते, आणि जमले आहे. मध्य प्रदेशात सैलान्याच्या परिसरात, माळढोकाचाच लहान भाऊबंद असलेल्या तणमोराची खबर देणाऱ्या व त्याला राखणाऱ्या शेतकऱ्यांना बक्षीस देण्याची पद्धत सुरू झाली. पक्षी शेतात आला तर शेतकऱ्याला तो शिक्षा न वाटता लाभ वाटावा, हा तिचा हेतू. आपल्या अकोला-वाशीम भागात फासेपारधी समाजातील लोकांनी गवताळ माळ आणि तणमोर राखण्याचे काम हाती घेतले. ज्यांना शतकभर चोर ठरविले गेले, त्यांच्या हाती राखणदारी आली. दूर ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया प्रांताच्या उत्तरेकडील सपाट मुलखात, प्लेन्स-वाँडरर नावाचा लाव्याएवढा पक्षी असाच विरळ देशी गवतात जमिनीवर राहतो आणि तोही संकटात आहे. तेथे काही जमीनमालक आपल्या राजीखुशीने जमिनीच्या कागदांवरच करार नोंदवितात की हे गवत नांगरले जाणार नाही. पुढच्या मालकालाही तो करार बांधून ठेवतो. तिथले लोक आणखी एक गोष्ट शिकले. २०१० व २०११ च्या भरघोस पावसानंतर गवत फार दाट झाले, तेव्हा तो पक्षी झपाट्याने कमी झाला. माळाला कुंपण घालून माणसाला हाकलणे हा उपाय नव्हे. बेताची चराईही त्याला हवी असते. धनगराला हे कोणी शिकविण्याची गरज नाही.

राजस्थानात २०१९ पासून माळढोकाची अंडी गोळा करून ती कृत्रिम रीतीने उबविण्याचे केंद्र चालू झाले. २०२४ च्या ऑक्टोबरात कृत्रिम रेतनातून पहिले पिलू जन्मले. शास्त्रज्ञांचे हे यश मोठे आहे. परंतु ती पिले मोठी झाल्यावर त्यांना सोडणार कोठे? पिंजऱ्यातल्या पक्ष्याने जात टिकेल, माळ टिकणार नाही. आणि माळ राखण्याचे काम कोणत्याही प्रयोगशाळेत होत नाही. ते ग्रामसभेत, बांधावर आणि वाटणीच्या वेळी होते.

म्हणून शेवटी आपल्यापुरते काही बोलू. आपल्या युवक मंडळांनी पावसाळ्यात झाडे अवश्य लावावीत, पण गवताळ माळ हे त्याचे ठिकाण नव्हे हे आधी समजून घ्यावे. गावचे गायरान एखाद्या योजनेसाठी देण्याचा विषय ग्रामसभेत निघेल, तेव्हा ‘पडीकच आहे’ या एका वाक्यावर मान डोलावू नये. ज्या संस्थांकडे, त्यांत आपल्या धार्मिक संस्थाही आल्या, कोरडवाहू भागात मोठ्या जमिनी आहेत, त्यांनी चार एकरांच्या धन्याला उपदेश करण्यापूर्वी स्वतःच्या जमिनीतील माळाचा तुकडा राखून दाखवावा. ज्याच्यापाशी अधिक आहे त्याच्यापासून आरंभ व्हावा हेच न्याय्य. आणि शेतकऱ्याला माळ राखल्याचा मोबदला मिळावा अशी मागणी झाली, तर ती भीक नव्हे, केलेल्या कामाची मजुरी आहे असे आपण शहरवासीयांनी मोकळेपणाने म्हणावे.

हे सर्व करूनही नान्नजच्या माळावर माळढोक पुन्हा नांदेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. कदाचित आपल्याला उशीर झाला असेल. तरीही राखलेला माळ वाया जाणार नाही. त्यावर धाविक अंडी घालील, चंडोल गाईल, मेंढरे चरतील, पाणी मुरेल. आणि आपल्या नातवंडांनी विचारले की तुम्हांला ठाऊक असताना तुम्ही काय केलेत, तर सांगण्यासारखे काही आपल्यापाशी असेल.